कात्रज ते शिरवळ रोज ॲक्टिवावर जायचंय, ट्रकच्या गर्दीत गाडी कशी चालवायची?

कात्रजकरीण
नमस्कार मंडळी. शिरवळला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला जॉब लागलाय, पुढच्या सोमवारी जॉइन व्हायचंय. राहायला कात्रजजवळ, म्हणजे एका बाजूने साधारण ४० किमी. कंपनीची बस आहे पण ती शिफ्टवाल्यांसाठी, मला जनरल शिफ्ट मिळालीय आणि त्या वेळेला बस नाही. माझ्याकडे ११० ची ॲक्टिवा आहे, चार वर्षं पुण्यात रोज चालवतेय, सिंहगड रोड, स्वारगेट, सगळीकडे, त्यामुळे गाडी येत नाही असं नाही. पण हायवे वेगळाच आहे हे परवा कळलं.

रविवारी सकाळी ट्रायल म्हणून एकटीच गेले. शिंदेवाडीपर्यंत ठीक होतं, पुढे वेळू फाट्याच्या आसपास एक लांबलचक कंटेनर माझ्या उजव्या बाजूने इतक्या जवळून गेला की आधी मी डावीकडे ढकलली गेले आणि मग एकदम त्याच्याकडे ओढल्यासारखं झालं, हँडल हातात थरथरत होतं. खेड शिवापूरला थांबले, चहा घेतला, वीस मिनिटं हात कापत होते. तिथूनच परत आले. घरी आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तर विचारायचं असं की
नेमकं कुठून चालवायचं, पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून का लेनमधून? स्पीड किती ठेवायचा? ट्रक उजव्या लेनमधून ४० ने चाललेले असतात, मग त्यांना डावीकडून ओव्हरटेक करायचं का? आणि सुटायला सहा-साडेसहा होणार, म्हणजे थंडीत अंधार. बोगद्यानंतर नवले पुलाच्या दिशेचा जो उतार आहे त्याची तर मनापासून भीती वाटते.

एकच विनंती, मुलींनी हायवेला गाडी घालू नये असलं काही लिहू नका. नोकरी करायचीय हे ठरलंय.

कोथरूडचे_काका
अभिनंदन नोकरीबद्दल. मुलगी म्हणून नाही, कोणालाही हेच सांगेन की रोज ८० किलोमीटर स्कूटर नको. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात वर्षभरात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे आणि त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. स्वारगेटहून सातारा साईडच्या एसट्या दिवसभर आहेत, कात्रजला चढता येतं का बघा, शिरवळला उतरून पुढे शेअर रिक्षा. जायचंच असेल तर सरळ पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून ४० च्या स्पीडने जा, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही.

रोजचा_सातारा_रोड
काकांचा एसटीचा मुद्दा चुकीचा नाही, आठवड्यातले दोन दिवस जरी एसटीने गेलात तरी फरक पडतो, पाऊस असेल, बरं नसेल, झोप झाली नसेल त्या दिवशी तर एसटीनेच जावं. पण पट्टीच्या बाहेरून ४० ने हा सल्ला कृपया ऐकू नका. मी नऊ वर्षं हा रस्ता करतोय, आधी बाईक होती, गेली चार वर्षं १२५ ची स्कूटर.

पट्टीच्या बाहेर काय असतं ते सांगतो. वाळू, बारीक खडी, काचा, फुटलेल्या टायरचे तुकडे, पंक्चर काढायला थांबलेला टेम्पो, फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोरून राँग साईडने येणारे गाडीवाले, कारण डिव्हायडरची पुढची गॅप दोन किलोमीटर लांब असते आणि त्यांना फाट्यावरच जायचं असतं. कपूरहोळ, किकवी, सारोळा, प्रत्येक फाट्याला हे दिसणार. शिवाय ती साईडपट्टी पूल आला की संपते. तुम्ही ४० ने बाहेरून चाललाय, समोर पुलाचा कठडा आला, आणि आता लेनमध्ये घुसायचंय जिथे मागून कार ९० ने येतेय. तिथे माणूस सापडतो.

मी असं करतो. डावी लेन पकडायची आणि त्या लेनमध्ये गाड्यांची डावी चाकं जिथून जातात त्या रेषेवर चालायचं. म्हणजे पांढऱ्या पट्टीपासून साधारण तीनेक फूट आत. तो भाग चाकांनी घासून स्वच्छ असतो. लेनच्या मधोमध तेल सांडलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे डावीकडे तीन फूट आणि त्यापुढे साईडपट्टी, एवढी जागा आपल्या हातात राहते. ट्रक जवळून गेला तर सरकायला जागा हवी ना. जो आधीच कडेला चिकटून चालतो त्याला सरकायला खाली शेतच उरतं. शिवाय अगदी कडेने चाललं की मागच्याला वाटतं हिच्या बाजूनेच निघून जाऊ, लेन बदलायची गरज नाही. थोडं आत असलं की त्याला ठरवून उजवीकडे जावं लागतं.

स्पीड म्हणाल तर ५५ ते ६०. ११० ची गाडी ८० पळते पण तिथे तिच्यात काही शिल्लक राहत नाही, ना पिकअप ना ब्रेक. आणि ४० ने चाललात तर प्रत्येक ट्रक तुम्हाला ओव्हरटेक करणार, म्हणजे कंटेनर बाजूने जायचा जो अनुभव तुम्हाला एकदा आला तो दिवसातून तीस वेळा येणार. डाव्या लेनमधल्या लोडेड गाड्यांच्या स्पीडच्या जवळपास राहिलं की ना त्या आपल्या अंगावर येतात ना आपण त्यांच्या.

आणि अंतर. पुढची गाडी एखाद्या बोर्डाजवळून गेली की सावकाश तीन मोजा, तीनच्या आत तुम्ही त्या बोर्डापाशी पोचलात तर फार जवळ आहात. ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदाला ५० मीटर. हे लायनीत दिसायला फार लांब वाटतं पण ट्रकच्या मागे ५० मीटर असलं तरच रस्त्यातला खड्डा आपल्याला वेळेत दिसतो. ट्रक खड्ड्यावरून चाकांच्या मधून घेऊन निघून जातो, त्याला काही होत नाही, आपल्याला तो खड्डा त्याच्या पोटाखालून बाहेर आल्यावर कळतो.

कात्रजकरीण
बापरे, मी रविवारी बरोबर उलटं करत होते, पूर्ण वेळ पट्टीवर. एक शंका, ५० मीटर सोडले की कारवाले मध्ये घुसतात, मग काय करायचं?

रोजचा_सातारा_रोड
घुसू द्यायचं. ॲक्सिलेटर थोडा सोडायचा, परत तीन मोजायचे. पुढे शिरवळपर्यंत पंधरा जण घुसले तरी हिशोब करून बघा, ४० किमीला ६० ने ४० मिनिटं लागतात आणि ५० ने ४८. आठ मिनिटांचा प्रश्न आहे, दहा मिनिटं लवकर निघा. मला सगळ्यात जास्त त्रास माझ्याच घाईचा झालाय, पंचिंगची वेळ डोक्यात असली की अंतर आपोआप कमी होतं.

जुना_डायवर
ताई, मी २२ वर्षं ट्रक चालवला, बेंगलोर लाईन, दहा टायर आणि नंतर ट्रेलर. आता गुडघ्यांमुळं सोडलंय. वरती जे लिहिलंय ते बरोबर आहे पण केबिनमधून काय दिसतं ते सांगतो कारण स्कूटरवाल्या माणसाला ते ठाऊक नसतं.

आपल्याकडं डायवर उजव्या बाजूला बसतो. त्याला उजवीकडचं बऱ्यापैकी दिसतं. डाव्या दाराच्या खाली, पुढच्या चाकाच्या आसपास जो भाग आहे तो त्याला दिसतच नाही. तिथं स्कूटर काय, आख्खी कार लपते. पूर्वी त्या बाजूला क्लीनर बसायचा, खिडकीतून बाहेर डोकं काढून दारावर थाप मारायचा, येऊ दे, थांब, सगळं सांगायचा. आता कितीतरी गाड्या एकट्या डायवरवर चालतात. डावीकडं बघायला दुसरा डोळाच नाही. तसंच मागच्या फाळक्याला चिकटून कोणी असला तर तोही आरशात येत नाही, आणि बोनेटच्या अगदी पुढं बुटकी गाडी आली तर तीपण नाही.

म्हणून एक साधी खूण ध्यानात ठेवा. ट्रकच्या आरशात तुम्हाला डायवरचं तोंड दिसलं तर त्याला तुम्ही दिसताय. तोंड दिसत नसंल तर त्याच्या लेखी तुम्ही रस्त्यावर नाहीच, मग तुम्ही कितीपण हॉर्न मारा, केबिनमध्ये इंजिनचा आवाज आन गाणी, काय ऐकू येतंय.

आता उजव्या लेनचं. लोक आम्हाला शिव्या देतात की ट्रक डिव्हायडरला धरून चालतात. कारण तुम्हीच वरती वाचलं, डाव्या लेनला राँग साईडवाले, उभ्या गाड्या, फाट्यावरनं एकदम येणारी मोटारसायकल. ३० टन माल भरल्यावर गाडी जागेवर थांबत नाही, आणि हवेच्या ब्रेकला पाय दाबल्यापासून चाक धरेपर्यंत जरा वेळ जातो. म्हणून डायवर जिथं कोणी आडवं येणार नाही ती लेन धरतो. ते चूकच आहे, नियमानं डावीकडंच चालायला पायजे, पण कारण हे आहे.

मग तुम्हाला त्याच्या डावीकडनं जायची वेळ येणारच. तेव्हा आधी मागं राहून पुढं काय आहे ते बघा. फाटा, पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका, यातलं काही पुढं असंल तर जाऊच नका, तो तिथं डावीकडं येणार. रिकामा सरळ रस्ता असंल तरच. डावी लेन पूर्ण मोकळी पायजे, तुम्ही त्या लेनच्या मधनं, ट्रकपासून निदान दीड मीटर लांब. एकदा निघालात की निघालात, बाजूला रेंगाळायचं नाही. बाजूला चालत राहणं हे सगळ्यात वंगाळ. त्याच्या मागं राहा नाहीतर पुढं जा, बाजूला घर करू नका.

आन ट्रक डावीकडं वळायला लागला तर त्याच्या डावीकडच्या मोकळ्या जागेत कधी घुसू नका. लांब गाडी वळताना पुढचं चाक लांबनं जातं आणि मागची चाकं आत कापत येतात. डायवर मुद्दाम उजवीकडं घेऊन मग डावीकडं वळतो, स्कूटरवाल्याला वाटतं जागा दिली. ती जागा मागच्या चाकाची असते. माझ्या डोळ्यासमोर दोनदा झालंय हे. एकदा माझ्याच पुढच्या गाडीखाली. त्या रात्री मी गाडी चालवू शकलो नाही.

रोजचा_सातारा_रोड
डायवर काकांच्या रेंगाळू नका या वाक्याला आकडे जोडतो. ट्रेलर साधारण १६ मीटर लांब धरा. तो ४० ने चाललाय आणि तुम्ही ५५ ने, तर फरक १५ चा, म्हणजे सेकंदाला ४ मीटर, चार सेकंदात त्याची बाजू पार. तोच जर ५० ने चालला असेल आणि तुमचा फरक फक्त ५ चा असेल तर ११-१२ सेकंद तुम्ही त्याच्या चाकांच्या शेजारी. म्हणून फरक १५ चा मिळत नसेल तर ओव्हरटेक करायचाच नाही, मागे राहायचं. ११० ला चढावर हा फरक मिळत नाही, तिथे विषयच सोडून द्या.

आणि ते ढकलून मग ओढल्यासारखं वाटलं ना, ते हवेचं आहे. ट्रक पुढून हवा बाजूला फेकत येतो म्हणून आधी धक्का बाहेर, मग त्याच्या मागे पोकळी होते तिकडे ओढ. उंच बंद बॉडीचा कंटेनर असेल तर जास्त. आरशात येताना दिसला की आधीच एक-दीड फूट डावीकडे सरका, हात सैल ठेवा, हँडल घट्ट आवळलं की गाडी जास्त डगमगते, गुडघे आत घ्या आणि ॲक्सिलेटर आहे तिथेच ठेवा. ब्रेक नाही मारायचा. दोन सेकंदात जातं ते. नीरेच्या पुलावर कधीकधी आडवं वारं असतं त्यात आणि ट्रक आला तर दोन्ही एकदम लागतं, तिथे मी स्पीड ५० वर आणतो.

गॅरेज_धनकवडी
ताई गाडीबद्दल कुणी बोललंच नाही अजून. ॲक्टिवाचं मागचं चाक १० इंची आहे, बाईकचं १७ असतं. शहरात फरक कळत नाही पण हायवेला ६० ने लहान चाक खड्ड्यात पूर्ण उतरतं. त्यामुळे हवा हा विषय जेवणाइतका महत्त्वाचा धरा. गाडीवर किंवा मॅन्युअलमध्ये एकटं आणि डबलसीटचं प्रेशर वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते बघून दर आठवड्याला गाडी थंड असताना भरा. पंपावरचा माणूस विचारल्याशिवाय दोन्हीकडे सारखीच मारतो, त्याला आकडा सांगा. टायर गुळगुळीत झालं असेल तर पहिल्या पगाराची वाट बघू नका, आधी टायर. माझ्याकडे लोक सीट कव्हर बदलायला हजार रुपये देतात आणि टायर अजून एक पावसाळा चालेल म्हणतात, फार वाईट वाटतं.

ब्रेक. २०१९ पासूनच्या या गाड्यांना कॉम्बी ब्रेक आहे, डावा दाबला की दोन्ही चाकं थोडी थोडी धरतात. पण त्यामुळे लोक उजवा ब्रेक विसरूनच गेलेत. अचानक थांबायचं असेल तर दोन्ही लिव्हर एकत्र, झटका न देता दाबत न्यायचे, हँडल सरळ ठेवून. एखाद्या रविवारी मोकळ्या रस्त्यावर ३० ला, मग ४० ला, असं दहा-दहा वेळा करून बघा. हाताला सवय नसेल तर ऐन वेळी हात डावाच दाबणार. रोज ८० किमी म्हणजे महिन्याला दोन हजार, ब्रेक लायनर आणि बेल्ट लवकर संपणार, सर्व्हिस तीन महिन्यांवर ढकलू नका.

आणि पाय ठेवतो तिथे बॅग, डबा, भाजीची पिशवी काही नको. वळणावर ती सरकते आणि पाय तिला सावरायला जातो.

निशिगंध
मी इथे फारसं लिहीत नाही. माझा भाऊ २०१७ साली याच हायवेवर, पण साताऱ्याच्या पुढे, रात्री साडेआठला उभ्या ट्रेलरवर मागून धडकून गेला. ट्रेलर बंद पडून डाव्या लेनमध्येच अर्धा उभा होता, मागचे दिवे नव्हते, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले, मागे दगड ठेवलेले होते फक्त. समोरून येणाऱ्या गाडीच्या अप्परने त्याचे डोळे दिपले असणार असं पोलीस म्हणाले. हेल्मेट होतं पण पट्टा लावलेला नव्हता, ते रस्त्यावर वेगळं सापडलं.

तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. अंधारात चालवणार आहात म्हणून लिहितेय. स्कूटरचा दिवा डिप्परवर असताना जेवढं दिसतं तेवढ्यात तुमची गाडी थांबली पाहिजे. ६० ला थांबत नाही, मी नंतर माझ्या गाडीवर करून पाहिलंय. त्यामुळे अंधार पडला की ४५-५०, त्याच्या वर नाही. समोरून अप्पर आला की त्या दिव्याकडे बघायचं नाही, नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि ॲक्सिलेटर सोडायचा. काही दिसत नसताना रस्ता मोकळाच असेल असं कधी धरू नका, काहीतरी उभं असेल असंच धरा. एखादी कार तुमच्याच स्पीडने चालली असेल तर तिच्या मागे अंतर ठेवून राहा, तिच्या उजेडात आणि तिच्या ब्रेकलाइटमध्ये पुढचं आधी कळतं. ऊसतोडणीच्या दिवसांत पुढे कधी साताऱ्याकडे गेलात तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, दिवा एकही नाही, ऊस बाहेर लोंबत असतो.

हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआयवालं, काच पारदर्शक. काळी काच सकाळी बरी वाटते पण संध्याकाळी आणि बोगद्यात काही दिसत नाही. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल. प्रत्येक वेळी लावा, पेट्रोल पंपापासून गेटपर्यंत जायचं असलं तरी.

आणि एक. त्या रात्री लोक थांबले होते पण पोलिसांच्या लफड्याला घाबरून कोणी हात लावला नाही, चाळीस मिनिटं गेली. आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्पष्ट आहे की मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. फोनमध्ये ११२, १०८ आणि हायवेचा १०३३ सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठीही.

कात्रजकरीण
निशिगंध ताई, काय लिहू कळत नाहीये. तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. मी पट्टा लावते पण सैल लावते, आत्ता उठून हेल्मेट काढून नीट ॲडजस्ट केला.

काळ्या काचेचंच हेल्मेट आहे माझं, बदलते.

कोथरूडचे_काका
मी माझं पट्टीबाहेरचं म्हणणं मागे घेतो. मी कारने जाणारा माणूस आहे, कारमधून बघताना कडेचा स्कूटरवाला सुरक्षित वाटतो, त्याच्या पुढ्यात काय आलंय ते कारमधून दिसत नाही हे खरं.

जुना_डायवर
ताई तुमचा नवले पुलाचा प्रश्न राहिला. नव्या बोगद्यातनं बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. काही डायवर डिझेल वाचवायला तिथं गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर, लायनर तापून लाल होतं आणि पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका मोठ्या गाडीनं एका दमात पन्नासच्या आसपास गाड्या उडवल्या, आणि त्यानंतरपण तिथं वाईट अपघात झालेत.

तुम्ही कात्रजलाच राहता तर त्या उतारावर जायचंच कशाला. येताना शिंदेवाडीवरनं जुना कात्रज घाट धरा, जुन्या बोगद्यातनं थेट कात्रज चौकात उतरता. घाट अरुंद आहे, वळणं आहेत, दोन्हीकडनं वाहनं येतात, उजेड कमी, पण तिथं स्पीडच ३०-३५ चा असतो. वळणावर आपली बाजू सोडायची नाही आणि समोरनं येणाऱ्याला हॉर्न द्यायचा. फार उशीर झाला, रस्त्यावर कोणीच नाही, असं असंल तर मात्र एकटीनं घाट नको, मग बोगदाच बरा.

कधी तो उतार करायचीच वेळ आली तर एक लक्षात ठेवा. जळक्या रबरासारखा, तापलेल्या लोखंडासारखा वास आला, किंवा कुठल्या ट्रकच्या मागच्या चाकातनं धूर दिसला, तर त्याच्या पुढं राहू नका. डाव्या कडेला निघा, लांब थांबा, त्याला जाऊ द्या. उताराला आणि त्याच्या पायथ्याला सिग्नल नाहीतर ट्रॅफिकसाठी थांबावं लागलं तर आरशात बघत थांबा, दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये थांबू नका, डावीकडं निघायला वाट ठेवून थांबा.

रोजचा_सातारा_रोड
अजून थोडं, कारण रोजचा रस्ता म्हणून. गुरुवारी आणि पौर्णिमेला नारायणपूरला जाणारी गर्दी कपूरहोळला वळते, कार उजव्या लेनमधून एकदम डावीकडे कट मारतात, तिथे आधीच स्पीड कमी. टोलला आपल्याला पैसे नाहीत, अगदी डावीकडून जायचं, पण नाक्यानंतर सगळ्या लेन एकत्र होतात तिथे ट्रक आणि कार जागेसाठी भांडत असतात, मी तिथे दहा सेकंद थांबून लोंढा पुढे जाऊ देतो. इंडिकेटर लवकर द्या आणि वळल्यावर बंद करा. आणि मान वळवून बघायची सवय करा, स्कूटरचे आरसे आपले स्वतःचे खांदेच जास्त दाखवतात.

जॅकेट पिवळं किंवा केशरी. पाठीवरच्या सॅकला रिफ्लेक्टर पट्टी शिवून घ्या, कारण जॅकेटवरची पट्टी सॅकखाली झाकली जाते, हे मला तीन वर्षांनी लक्षात आलं. ओढणी असेल तर जॅकेटच्या आत.

कात्रजकरीण
आज तीन आठवडे झाले म्हणून लिहायला आले.

पहिल्या आठवड्यात तीन दिवस एसटीने गेले, दोन दिवस गाडीने. आता चार दिवस गाडी, एक दिवस एसटी असं बसलंय. मागचं टायर बदललं, गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं तसं रविवारी मैदानाजवळच्या रस्त्यावर ब्रेक मारून बघितले, आणि खरंच पहिल्या पाच-सहा वेळा माझा उजवा हात हललाच नाही. आता जातो.

लेनच्या डाव्या चाकाच्या रेषेवर चालवते. पहिले दोन दिवस मागून हॉर्न वाजले की आपोआप पट्टीकडे सरकत होते, मग स्वतःलाच सांगायला लागले की ही जागा माझी आहे. आता बरेच जण नीट उजवीकडे जाऊन ओव्हरटेक करतात. मंगळवारी किकवीच्या अलीकडे एका ट्रेलरच्या मागे होते, तो उजव्या लेनमध्ये ४० ने, पुढे रस्ता मोकळा, आरशात बघितलं तर डायवरचं तोंड दिसत होतं. त्यानेही बघितलं असावं कारण त्याने हात बाहेर काढून या म्हणून खूण केली. चार मोजेपर्यंत पुढे गेले. त्या दिवशी घरी येऊन आईला सगळं सांगितलं, पहिल्या रविवारचंसुद्धा. ती आधी रडली, मग तिने सॅकला पट्टी शिवून दिली.

संध्याकाळी जुन्या घाटाने येते. एकदा ऑफिसमध्ये आठ वाजले तेव्हा गाडी तिथेच लावून मैत्रिणीच्या कारने आले.

आता जून जवळ येतोय म्हणून विचारते, पावसात काय वेगळं करायचं?

जुना_डायवर
बरं वाटलं ताई वाचून. त्या डायवरनं हात दाखवला ते चांगलं केलं, पण हाताच्या भरवशावर कधी जाऊ नका, पुढचं तुमच्या डोळ्यानं बघूनच जायचं.

पावसात ट्रकच्या मागचं पाणी हा मोठा त्रास. मागच्या चाकातनं चिखलाचा फवारा उडतो, काच एका सेकंदात बंद होते, पुढचं काही दिसत नाही. अंतर तिनाचं पाच करा, त्या फवाऱ्याच्या बाहेर राहा. समोरनं ट्रक पाण्याच्या डबक्यातनं आला तर डिव्हायडरवरनं आख्खी बादली अंगावर येते, तेव्हा हँडल सोडून तोंड पुसायला जाऊ नका. पांढऱ्या पट्ट्या, बाण, पुलावरच्या लोखंडी पट्ट्या ओल्या झाल्या की साबण. त्याच्यावर ब्रेक नाही, वळण नाही. डबक्याखाली किती खोल आहे ते कळत नाही, पुढची गाडी जिथनं गेली तिथनं जा.

गॅरेज_धनकवडी
रेनकोट दोन तुकड्यांचा, शर्ट-पँटवाला घ्या. तो झग्यासारखा असतो तो हायवेला नको, वाऱ्याने फुगतो आणि चाकात जातो. रंग पिवळा. ब्रेक ओले झाले की पहिल्या दाबाला धरत नाहीत, पाण्यातून बाहेर आलात की हळूच दोन-तीनदा दाबून सुकवून घ्या. मेच्या शेवटी गाडी घेऊन या, लायनर उघडून बघतो.

जुना_डायवर
आणि पहिला पाऊस पडंल त्या दिवशी गाडी काढूच नका. वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते, रस्ता तूप लावल्यासारखा होतो. दोन चांगल्या सरी पडून रस्ता धुऊन निघू द्या, मग काढा. त्या दिवशी एसटी.